जुनी बाईक पहिल्यांदाच घेतलीय? आधी काय बघायचं आणि चालू होत नसेल तर कुठून सुरुवात करायची

पहिली गाडी म्हणून छोट्या इंजिनाची जुनी बाईक घेणं हा चांगला निर्णय आहे असं माझं ठाम मत आहे. १०० ते २५० सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), अशी गाडी असली की तिच्यातलं जवळजवळ सगळं डोळ्याला दिसतं, हाताला लागतं आणि साध्या पान्यांनी खोलता येतं. पण अशी गाडी घेतली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यात एक सकाळ हमखास येते, काल संध्याकाळपर्यंत नीट चालणारी गाडी आज किक मारून पाय दुखला तरी चालू होत नाही, आणि मग जो भेटेल तो वेगळं सांगतो, एक म्हणतो प्लग, दुसरा म्हणतो कार्ब्युरेटर, तिसरा थेट बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेलं म्हणून मोकळा होतो. नवीन माणूस घाबरतो आणि एका दुपारीत सगळंच खोलून बसतो.

तसं करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग गाडी चालू करून बघा, आणि काय केलं ते तारखेसकट वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला आणि टॅपेटही (वॉल्व्हची फट कमी-जास्त करणारे स्क्रू) फिरवले असं एकदम केलंत आणि गाडी चालू झाली तर नेमकं काय बिघडलं होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि आधीपेक्षा वाईट चालायला लागली तर आपण काय बिघडवलं तेही कळणार नाही. खाली जे लिहिलंय ते याच हिशोबाने, सोप्याकडून अवघडाकडे असं लिहिलंय.

सगळ्यात आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मी इथे जे आकडे देतोय ते साधारण अशा गाड्यांचे आहेत, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर मॅन्युअलचंच ऐकायचं. हत्यारांमध्ये ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने, प्लग पाना, फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पातळ पट्ट्या), हवा मोजायचा गेज आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर बरंच भागतं. एक गोष्ट मात्र फार कमी जण सांगतात, जपानी बनावटीच्या गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस या मापाचे असतात आणि आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, तो वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. जेआयएसचा एक ड्रायव्हर घेऊन ठेवा, कार्ब्युरेटर खोलायच्या दिवशी त्याची किंमत कळेल.

चालू करायच्या आधी, थांबते का ते बघा

गाडी घरी आली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे जातं. माझं म्हणणं, पहिला दिवस टायर, ब्रेक आणि चेनला द्या. इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल, ब्रेक लागला नाही तर तेवढ्यावर भागणार नाही.

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो २००० सालाच्या आधीचा आहे, त्या टायरवर एक फेरीसुद्धा मारू नका, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी. जुना रबर कडक होतो, ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. नख दाबून बघा, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा आहेत का बघा. हवा टायर गार असताना मोजायची, किती ते बहुतेक वेळा चेन-कव्हरवर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर लिहिलेलं असतं.

डिस्क ब्रेक असेल तर पॅडवरचा मसाला २ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचाच, घासून लोखंड डिस्कला लागेपर्यंत थांबायचं नाही. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण २ वर्षांनी ते बदलायचं असतं. डबीच्या काचेतून ते काळपट चहासारखं दिसत असेल तर बरेच दिवस कुणी हात लावलेला नाही असं समजा. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलंय तेच घाला, डॉट ५ हे सिलिकॉनचं तेल आहे, ते यांच्यात मिसळत नाही. टाकीवर सांडलं तर रंग जातो, म्हणून शेजारी ओलं फडकं ठेवा. ड्रम ब्रेक असेल तर लिव्हर पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकता कामा नये, आणि नट आवळून आवळून शेवटच्या आट्यापर्यंत आला असेल तर लायनर संपलेत, अजून आवळण्यात अर्थ नाही. ड्रम खोलला तर आतली काळी धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

चेन. डबल स्टँडवर लावा, गिअर न्यूट्रल, आणि खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्रांच्या) मधोमध बोटाने वर-खाली करा. अशा गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर हालचाल हवी असते. चाक हळूहळू हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, आणि जिथे सगळ्यात घट्ट आहे तिथे माप घ्यायचं. तसं केलं नाही तर ढिल्या जागी माप बरोबर येतं आणि घट्ट जागी चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढत राहते. मागच्या स्प्रॉकेटच्या शेवटच्या टोकाला चेन धरून मागे ओढा, अर्धा दात उघडा दिसला तर चेन संपली, आणि दात लाटेसारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर पूर्ण चेन सेट बदला, नुसती नवीन चेन जुन्या स्प्रॉकेटवर टाकली तर तीही लवकरच जाते. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर मागचं चाक तिरकं बसतं. ड्रम ब्रेकवाल्या गाडीत चाक मागे सरकलं की मागच्या ब्रेकचा प्लेही बदलतो, तो पुन्हा सेट करायला विसरू नका. जोडकडीची क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. साफसफाईला रॉकेल आणि ब्रश, नंतर कोरडी पुसून गिअर ऑइल, पेट्रोलने धुवू नका, ओ-रिंग (कड्यांमधल्या रबरी चकत्या) असलेल्या चेनचं रबर त्याने खराब होतं.

आणि हे मी हात जोडून सांगतो, इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं ओढलं जातं, त्याच्यामागे बोटं जातात, आणि हात काढायला वेळच मिळत नाही. चाक हाताने फिरवायला पाच मिनिटं जास्त लागतात, तेवढी द्या.

पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध, सरळ दिशेला अडकल्यासारखं होत असेल तर हँडलच्या बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची वर्तुळं दिसली तर ऑइल सील गेलंय, आणि ते तेल खाली ब्रेकवर जाऊ शकतं म्हणून त्याकडे लवकर बघायचं.

तेल

आधीच्या मालकाने कालच बदललंय असं सांगितलं तरी बदला. इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करा, म्हणजे तेल पातळ होऊन घाण बाहेर येते, खालचा बोल्ट खोलून सगळं गळू द्या. त्या तेलाकडे नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. उन्हात धरल्यावर चकाकणारी बारीक कचकच दिसली तर आत काहीतरी घासतंय. जुन्या गाड्यांना बऱ्याचदा तेलाची जाळी असते, तीही काढून धुवा. नवीन कॉपर वॉशर घाला, बोल्ट बेताने आवळा, केस अॅल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की काम वाढतं. जुनं तेल डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या ठिकाणी द्या, गटारात किंवा मातीत ओतू नका.

नवीन तेल घेताना ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आणि डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचच्या बाईकसाठीचं मानक) लिहिलेलं बघून घ्या. या गाड्यांमध्ये क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या काही तेलांमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्याने क्लच प्लेटा घसरायला लागतात. लेव्हल बघताना गाडी सरळ उभी हवी, साइड स्टँडवर बघाल तर चुकेल. लहान इंजिनात सगळं मिळून लिटरभराच्या आसपास तेल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी फरक मोठा पडतो, म्हणून जुन्या गाडीचं तेल दर आठवड्याला बघायची सवय लावा.

चालू होत नाही, आता काय

इंजिनाला चार गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा, ठिणगी आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. कोणतं कमी आहे ते शोधायचं, अंदाज बांधायचा नाही.

त्याआधी एक मिनिट फक्त बघण्यात घाला. किल स्विच, पेट्रोल कॉक, टाकी, न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँडचा स्विच आणि काही गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही तो स्विच. टाकी उघडून गाडी हलवून बघा, मेन संपून रिझर्व्हवर आली असेल. अंधारात टाकीत बघायला लायटर पेटवायचा नाही, टॉर्च वापरा.

सेल्फ मारल्यावर नुसतं टिक-टिक होत असेल तर बहुधा बॅटरी मेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर काही तास न वापरता १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. सेल्फ मारत असताना आकडा १० च्या खाली जाऊन पडत असेल तर बॅटरीत दम उरला नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी जमली असेल तर काढून घासून साफ करा, काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण पॉझिटिव्ह खोलताना पाना चुकून फ्रेमला लागला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर तिथेच शॉर्ट होतं. फार जुन्या काही गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, त्यांना १२ चा चार्जर लावू नका.

गाडी फिरतेय पण पेटत नाही, मग प्लग. इंजिन गार असताना प्लगच्या आजूबाजूची माती आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. प्लग काढून बघा.

ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगीकडे वळा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाही. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेलकट काळा म्हणजे वरून किंवा खालून ऑइल येतंय, फिकट तपकिरी असेल तर उत्तम, आणि पांढराफटक, फोड आल्यासारखा दिसला तर इंजिन जास्त तापतंय, पेट्रोल कमी पडतंय, अशी गाडी कारण सापडेपर्यंत पळवू नका.

ठिणगी बघायला प्लग कॅपमध्ये घाला, प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या रंग नसलेल्या धातूवर नीट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. हातात धरून बघायचं नाही. प्लग अर्थला टेकलेला नसताना किक मारली तर काही गाड्यांचं सीडीआय (ठिणगी ठरवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) खराब होऊ शकतं. चटचट आवाज करणारी निळसर ठिणगी हवी. नसेल तर आधी नवीन प्लग लावून बघा, तुमच्या मॉडेलचाच नंबर, गॅप मॅन्युअलप्रमाणे, बहुतेक ०.६ ते ०.८ मिलिमीटर. तरी नसेल तर कॅप. बऱ्याच कॅपा वायरीवर स्क्रूसारख्या फिरवून बसवलेल्या असतात, उलट फिरवून काढा, वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून परत बसवा. कॅपमध्ये रेझिस्टर असतो, अनेकदा ५ किलो-ओहमचा, मल्टिमीटरवर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली. मग सीटखालचे कपलर एकेक काढून पिना साफ करा आणि फ्रेमला जाणारी अर्थची वायर घासून आवळा. किल स्विचच्या आत पाणी जाऊन गंज लागलेला मी कितीतरी वेळा बघितलाय, बाहेरून ऑन दिसतो, आत सुरूच नसतो.

प्लग परत लावताना पहिले तीन-चार आटे पान्याशिवाय, बोटांनी लावा. तिरका लागतोय असं वाटलं तर लगेच उलट फिरवा. हेडचे आटे अॅल्युमिनियमचे आहेत, जोर लावला की ते कापले जातात आणि मग हेड उतरवायची वेळ येते. बोटाने पूर्ण बसला की नवीन प्लगला साधारण अर्धा फेरा, जुन्याला त्यापेक्षा कमी, बस.

पेट्रोल येतंय का

कार्ब्युरेटरच्या खालच्या बाऊलला (पेट्रोल साठतं त्या वाटीला) एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. खाली काचेची बाटली धरा, कॉक उघडा, स्क्रू ढिला करा. धार यायला हवी आणि येत राहायला हवी. बाटली उजेडात धरून दोन मिनिटं थांबा, पाणी असेल तर तळाशी गोळे होऊन वेगळं दिसतं, टाकीतला गंज असेल तर लाल गाळ बसतो. वास आंबट, वार्निशसारखा असेल तर पेट्रोल शिळं झालंय, सगळं काढून ताजं भरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप फुगवतं, म्हणून पाइप दाबून बघा, चिकट लागला किंवा भेगा दिसल्या तर बदला.

इथे मला माझ्या पहिल्या गाडीचं सांगावंसं वाटतं, कारण ही गोष्ट कुणी मला आधी सांगितली असती तर दोन आठवडे वाचले असते. गाडी सकाळी एका किकमध्ये चालू व्हायची, पंधरा-वीस मिनिटं छान पळायची, मग हळूहळू दम तुटल्यासारखी होऊन बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा चालू. कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारा भाग) तापून जाते असं मला सांगण्यात आलं, मी कॉइल बदलली, काही फरक नाही. शेवटी एकदा बंद पडल्यावर रिझर्व्ह किती उरलंय बघायला मी टाकीचं झाकण उघडलं आणि आत हवा ओढल्याचा बारीक सुस्स आवाज आला. तो आवाज ऐकूनच कळलं. झाकणात हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते मातीने बुजलं होतं, पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होत होती आणि शेवटी धार थांबत होती. झाकण खोलून भोक साफ केलं, पाच मिनिटांचं काम. तुमची गाडी काही वेळाने बंद पडत असेल तर त्याच क्षणी झाकण सैल करून किक मारा, चालू झाली तर तुमचंही कारण हेच.

काही गाड्यांचा कॉक व्हॅक्यूमवर चालतो, इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल सोडत नाही, त्यावर प्राइम अशी एक जागा असते ती वापरून बघा. आणि उलटही होतं, पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजतो. अशा वेळी चोक बंद, एक्सलेटर पूर्ण उघडा आणि किक किंवा सेल्फ मारा, जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर बाहेर निघतं. चालू झाली की लगेच एक्सलेटर सोडा.

फक्त चोकवरच चालते

ही जुन्या गाडीची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. चोक बंद केला की इंजिन बंद, स्लोला टिकत नाही, पण रेस दिली की चालते. याचा अर्थ बहुतेक वेळा स्लोचा छोटा जेट (बारीक भोकातून पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा) तुंबलाय, किंवा कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबरी तुकड्यातून हवा आत शिरतेय. आधी रबर बघा, ते सोपं आहे, वाकवून बघितलं की भेगा उघड्या पडतात, क्लिपा आवळा. एअर फिल्टरही याच वेळी काढा. स्पंजचा असेल तर रॉकेलने धुवून, वाळवून, थोडं तेल चोळून पिळून लावा, कागदाचा असेल तर फक्त आतून बाहेर फुंकून बघा नाहीतर बदला. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटंही निघतं.

मग कार्ब्युरेटर. मोकळ्या हवेत, जवळ कुठलीही आग नको. काढायच्या आधी चारी बाजूंनी फोटो घ्या. बाऊल उघडला की पितळेचे दोन जेट दिसतात, मोठा मेन आणि बारीक स्लोचा. पितळ मऊ असतं, खाचेत बरोबर बसणारा ड्रायव्हरच वापरा, सैल ड्रायव्हरने खाच फाटली की जेट तिथेच अडकतो. मिश्रणाचा स्क्रू काढायच्या आधी हलक्या हाताने आत फिरवत किती फेरे बसतात ते मोजा, लिहा, मगच काढा. जोराने बसवला तर त्याचं टोक वाकतं.

स्लोचा जेट चिमटीत धरून उजेडाकडे बघा. त्याचं भोक अर्धा मिलिमीटरही नसतं. आरपार एक गोल, स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून कडेला राळ चिकटलेली आहे, आणि काहीच दिसलं नाही तर तुमचं उत्तर तुमच्या हातात आहे. कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवा, मग स्प्रेच्या नळीने फवारा मारा, डोळ्यावर चष्मा हवाच, कारण फवारा दुसऱ्याच भोकातून सरळ तोंडावर येतो. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते, मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याचा तुकडा किंवा वायरीतली तांब्याची एक बारीक काडी चालते. रबर आणि प्लास्टिकचे भाग क्लीनर मारायच्या आधी काढून ठेवा. बॉडीतली भोकंही फवाऱ्याने मोकळी करा, एका भोकातून मारल्यावर दुसऱ्यातून बाहेर येतंय का बघत बघत. बाऊलचं पॅकिंग फाटलं असेल तर नवीन लावा. जोडल्यावर कॉक उघडा ठेवून पाच मिनिटं बघा, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळायला लागलं तर फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नाहीये.

हे सगळं ठीक आहे तरी चालू होत नाही

प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा, एक्सलेटर उघडा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा, इग्निशन बंद ठेवून. अंगठा जोरात उडायला हवा. सहज धरून ठेवता येत असेल तर कॉम्प्रेशन कमी आहे, पण लगेच बोअरचा निकाल लावू नका, आधी टॅपेट बघा. वर्षानुवर्षं न बघितलेले टॅपेट घट्ट होतात, वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब निघून जातो. इंजिन पूर्ण गार हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी सगळ्यात वर, फ्लायव्हीलवरची टी खूण जुळवून. दोन्ही रॉकर (वॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताला थोडे मोकळे लागले पाहिजेत, न लागले तर एक फेरा अजून फिरवा. फट फीलर गेजने मोजायची, अनेक गाड्यांना ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. टॅपेटचा थोडा आवाज येणं बरं, कारण घट्ट टॅपेट आवाज करत नाही, पण गुपचूप एक्झॉस्टचा वॉल्व्ह जाळतो. नवीन लोकांना हे उलटं वाटतं, गाडी शांत झाली म्हणून खूश होतात.

टॅपेट बरोबर असूनही दाब नसेल आणि सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर मात्र रिंगा, बोअर किंवा वॉल्व्ह सील बघावं लागेल. ते काम जाणकार माणसाकडेच द्या, पण आता तुम्ही त्याला काय-काय बघून झालंय ते वही उघडून सांगू शकाल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. गार सकाळी थोडा पांढरा निघून थांबत असेल तर ती सायलेन्सरमधली वाफ आहे, काळजी नको.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर इंजिन चालू ठेवून, रेस थोडी वाढवून बॅटरीवरचं व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. तिथेच १२ वर बसून राहिलं तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी आणि बल्ब दोन्ही खाईल. ही तपासणी उघड्यावर करा, बंद खोलीत किंवा गॅरेजचं शटर खाली करून इंजिन चालू ठेवलं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येताच माणूस मारतो.

क्लच आणि एक्सलेटरच्या वायरींचं थोडक्यात, क्लच लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा, वायरीत वरून तेल सोडा, आणि टोकाशी एखादी काडी तुटलेली दिसली की त्याच आठवड्यात बदला. एक्सलेटर सोडल्यावर स्वतःहून फटकन मागे आला पाहिजे, हँडल दोन्ही टोकांना फिरवलेलं असतानासुद्धा.

महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका, पत्र्याची टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा म्हणजे आत गंज धरत नाही, बॅटरी काढून अधूनमधून चार्ज करा. जेट तुंबायची निम्मी कामं एवढ्यानेच टळतात.

कुठलंही काम झालं की लगेच लांब जाऊ नका. जागेवर आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, डिस्कचे पॅड बदलले असतील तर लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, मग मोकळ्या जागेत हळू चार फेऱ्या, मग पाच-सात किलोमीटर. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि ज्या नटांना हात लावला होता ते सगळे पुन्हा पान्याने बघा, आणि सकाळी उठल्यावर गाडीखाली तेलाचा थेंब पडलाय का तेही.